रुजू पाहणारे

कुंडी उचलली गेली नाही. एका बाजूनं टेंपोवाल्यानं काठ धरला होता, दुसऱ्या बाजूनं मी, आणि एक-दोन-तीन हे आकडे त्यानं तोंडातल्या तोंडात अशा आळसानं मोजले की चूक त्याचीच, असं मी धरून चाललो. कपाट चढलं होतं, पलंग चढला होता, माझं लिहिण्याचं टेबल तेवढं खोलीत राहिलं होतं. चौतीस कुंड्या सकाळी उन्हं तापायच्या आत टेंपोत एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या होत्या. राहिली होती ती मागच्या अंगणाच्या कोपऱ्यातली ही, कागदी लिंबाची. दुसऱ्यांदा मोजणी मी केली, खणखणीत आवाजात. कुंडी जागची हलली नाही, पण बुडाखालून आवाज आला, ओला दोर ताणल्यावर येतो तसा. टेंपोवाल्यानं हात सोडले, ते पँटला पुसले आणि कुंडीकडे आदरानं पाहिलं. "काका, हे खाली धरलंय." धरलंय म्हणजे काय, मी विचारलं. "धरलंय म्हणजे धरलंय. जमिनीनं." मी त्याला समजावलं की हे कुंडीतलं झाड आहे, बारा वर्षं कुंडीत आहे, त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. तो म्हणाला, "ते झाडाला सांगितलंय का?" आणि विडी ओढायला फाटकापाशी निघून गेला. टेंपोवाल्यांच्या अकलेविषयी माझं मत कधीच बरं नव्हतं. पण मी उकिडवा बसलो, कुंडीच्या कडेची माती बोटानं उकरली, आणि मला ते दिसलं. अंगठ्याएवढं जाड, तपकिरी मूळ, कुंडीच्या खालून सरळ अंगणात शिरलेलं. कुणाला न विचारता.

मी दस्तलेखक होतो. नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, माझं टेबल चाळीस वर्षं होतं. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे भाडेकरार. लोकांना वाटतं घर विटांचं असतं. घर कलमांचं असतं. कोणता खिळा कुणी ठोकायचा, ठोकल्यावर तो कुणाचा, काढल्यावर भोक कुणाचं, हे मी ठरवायचो. माझं अकरावं कलम या गावात माहीत नाही असा घरमालक नसेल. "सदर जागेच्या जमिनीत भाडेकरूने लावलेले, रुजलेले वा रुजू पाहणारे कोणतेही झाड, झुडूप अथवा वेल जागा सोडतेवेळी मालकाकडेच राहील, भाडेकरूस ते उपटण्याचा वा तोडण्याचा हक्क राहणार नाही." यातलं 'रुजू पाहणारे' हे माझं. इतर लेखक 'रुजलेले'वर थांबायचे आणि मग भाडेकरू हातात रोप धरून वाद घालायचा की साहेब, याला अजून दोनच पानं आहेत, हे कुठलं रुजलेलं. मी त्या दोन पानांचंही तोंड बंद केलं. हा शब्द सुचला त्या दिवशी मी चहा दोनदा मागवला होता. पुढं इतरांनी तो उचलला, तसाच्या तसा, एकानं तर शुद्धलेखनाच्या चुकीसकट 'रूजु'. स्वतः मी जन्मभर भाड्याच्या घरात राहिलो, ही अकरावी जागा. यात विसंगती आहे असं बायको म्हणते. मला दिसत नाही. सुतार काय आपण केलेल्या सगळ्या खुर्च्यांवर बसतो?

तर माझं म्हणणं साधं होतं, आणि ते मी ऐकेल त्याला ऐकवलं आहे. भाडेकरूनं लावावं ते कुंडीत. जमीन दुसऱ्याची, ऊन सगळ्यांचं, कुंडी तेवढी आपली. जमिनीत लावणारे भाडेकरू मी पुष्कळ पाहिले आणि त्यांची कीव करायलाही मला कष्ट पडले. आमच्या आठव्या घराशेजारी एक शिंपी राहायचा, त्यानं पपई लावली. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता खिडकीतून पपईचंही माप घ्यायचा. पपई खांद्याला लागली आणि मालकानं गटाराचं काम काढलं. त्याच्या आधीच्या घरी वरच्या मजल्यावर बँकेतला एक बदलीवाला होता. इथं येऊन रुजू झाला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं नारळ लावला. नारळ! ज्याची बदली दर तीन वर्षांनी, त्यानं सात वर्षांनी धरणारं झाड लावायचं. मी त्याला म्हटलं, साहेब, रुजू तुम्ही झालात, नारळाला कशाला करताय? तो हसला. असे लोक हसतात. गेला तेव्हा नारळ कमरेएवढा होता, आणि टेंपो वळेपर्यंत हा गृहस्थ मागच्या काचेतून हात हलवत होता, माणसांकडे बघून नव्हे.

कुंडीचं शास्त्र आहे, आणि ते उष्ण गावात शिकावं लागतं. जमिनीतलं झाड मूर्ख असलं तरी चालतं, ऊन वाढलं की ते मुळं खाली सोडतं आणि गप्प राहतं. कुंडीतल्या झाडाला जायला जागा नसते, त्याच्या वतीनं विचार मालकानं करायचा. प्लास्टिकची कुंडी दुपारी हाताला चटका देते, आत मुळं शिजतात. मातीची कुंडी श्वास घेते पण तेवढंच पाणी घाम म्हणून टाकते. मी बाहेरून चुना लावायचो, एका कुंडीत दुसरी ठेवून मधल्या फटीत वाळू भरायचो, पोत्यांचे ओले तुकडे गुंडाळायचो. आणि सावलीचं वेळापत्रक. ते भिंतीवर होतं, कोणती कुंडी किती वाजता कुठे, महिनावार. नोकरीवरून आल्यावर बायको म्हणायची, "झाली का तुमची गाडी रुळावर?" ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. गल्लीत तिला अजूनही सगळे सिस्टर म्हणतात, मलाही सिस्टरांचे मिस्टर म्हणतात, त्यावर मी बोलत नाही. निवृत्त झाल्यापासून तिला जखमा मिळेनात, म्हणून ती झाडांच्या मागं लागली. अडीच महिन्यांपूर्वी तिनं या लिंबाच्या एका फांदीला पट्टी बांधली. मधोमध, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून, दोन्ही टोकांना सुतळी, मुठीएवढी फुगलेली. वर रोज इंजेक्शनच्या सिरिंजनं त्या पट्टीत पाणी सोडायची. मी विचारलं, फ्रॅक्चर का? ती म्हणाली, "हो. निघायचंय ना आता." मालकीणबाईंनी जागा रिकामी करायची नोटीस त्याच आठवड्यात दिली होती, त्यांची मुलगी राहायला येणार होती. बायकोच्या बोलण्यात संगती शोधायची नसते हे मी फार पूर्वी शिकलो, म्हणून पुढं विचारलं नाही.

पण लिंबाची ही कुंडी म्हणजे माझ्या शास्त्राचा पुरावा होती. बाकीच्या कुंड्यांत फुलं यायची, गळायची. हिला लिंबं लागायची, बारमाही, फांद्या वाकवून. लोक बघायला यायचे. कुंडीत इतकं, असं म्हणायचे, आणि मी त्यांना कुंडीचा चुना दाखवायचो. तिसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यात मला आठ दिवस बहिणीकडं जावं लागलं. बायकोची दवाखान्यात दुहेरी ड्युटी होती. परत आलो तर बारा कुंड्या वाळून कोळसा झालेल्या, आणि हे लिंबू हिरवंगार, वर दोन नवी पालवीची टोकं. मी त्या संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं, 'चुन्याचा जाड थर, यश.' पुढं दोन वर्षं मी लोकांना जाड थराबद्दल सांगत होतो. एकानं इतका जाड दिला की त्याची कुंडी गणवेशातल्या शिपायासारखी दिसायला लागली आणि झाड मेलं. त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. मला वाटलं, थर समान नसेल.

मूळ बघत मी तिथंच बसून राहिलो. ऊन मानेवर आलं होतं. आणि मला वडील आठवले, जे मी सहसा होऊ देत नाही. वडील पोस्टात होते. दुसरं घर, म्हणजे मला आठवणारं पहिलं, त्याला मागं हातभर जमीन होती आणि वडिलांनी तिथं पेरू लावला. भोवती आळं, आळ्याला विटांची कड, संध्याकाळी कचेरीतून आले की कपडे न बदलता आधी तिकडं. मालक म्हणायचा, लावा की, तुमचंच आहे. ज्या वर्षी पेरू धरला त्या वर्षी घर सोडावं लागलं. कारण काय होतं ते आठवत नाही, कारणं नेहमी असतातच. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे गेलो, आणि वडील कचेरीतून येताना तीच वाट घ्यायला लागले, लांबची. एकदा मी बरोबर होतो. त्या फाटकाशी येऊन ते थांबले आणि चपलेचा अंगठा तुटलाय का बघायला वाकले. अंगठा तुटला नव्हता. आत मालकाची मुलं झाडावर होती. मालक बाहेर आला, भला माणूस, त्यानं दोन पेरू फाटकावरून पुढं केले. घ्या हो, तुमच्याच झाडाचे. वडील म्हणाले, "नको, मला पेरू चालत नाही. सर्दी होते." जन्मभर पेरूवर जगू शकला असता असा तो माणूस. त्या दिवशी रस्त्यानं येताना मी त्यांच्या तीन पावलं मागं चाललो. मला त्यांची लाज वाटत होती, आणि नऊ वर्षांच्या पोराला लाज वाटली की ती पुरते. मालकाचा मला राग आला नाही. राग आला वाकण्याचा. अकरावं कलम मी लिहिलं तेव्हा लोकांना वाटलं मालकांसाठी लिहिलं. ते मी वडिलांसाठी लिहिलं होतं. आधीच सांगून टाकलं असतं ना कुणी, की लावाल ते तुमचं नाही, तर ते वाकले नसते.

"उठा, चक्कर येईल," मागून बायको म्हणाली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी मुळाकडं बोट दाखवलं. तिनं वाकूनही पाहिलं नाही.

"हे काय आहे?"

"मूळ."

"ते मला कळतं. भोकातून गेलं असेल खाली. तुझं लक्ष कुठं होतं?"

"भोकातून कशाला जाईल? बूडच नाहीये तिला."

मी तिच्याकडं पाहिलं. ड्युटीवर असताना नातेवाइकांशी बोलायचा तिचा एक आवाज होता, सपाट, घाई नसलेला. तोच आवाज. "तुम्ही ताईंकडं गेला होतात ना आठ दिवस. रात्रपाळी करून आले तर सगळ्या माना टाकून बसलेल्या. एवढ्यांना पाणी घालायला माझ्या अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, एक तरी जगू दे. कुंडी आडवी केली, बत्त्यानं बूड ठोकून काढलं, खालची फरशी उचलली, परत उभी केली. दहा मिनिटं लागली."

"फरशी कुठंय?"

"तुमच्या टेबलाखाली. एक पाय आखूड होता ना."

म्हणजे नऊ वर्षं. नऊ वर्षं मी त्या फरशीवर टेबल टेकवून लोकांना कुंडीचं शास्त्र लिहून देत होतो. मला आठवलं, त्याच उन्हाळ्यात ती म्हणाली होती, याची जागा बदलत जाऊ नका, फुलं गळतात. आणि मी वेळापत्रकात लिंबापुढं बाराही महिने एकच शब्द लिहिला होता, 'स्थिर'. स्वतःच्या अक्षरात, अधोरेखित. "मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही इतके खूश होतात त्या चुन्यावर." मी मूर्ख म्हटलेल्या माणसांची यादी डोक्यात आपोआप सुरू झाली, शिंपी, नारळवाला, जाड थरवाला, आणि यादीच्या शेवटी थोडी जागा शिल्लक होती.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. किल्ल्या घ्यायला आल्या होत्या, हातात करार, कोऱ्या पिशवीत जपून ठेवलेला. बाई सज्जन. बारा वर्षांत आवाज चढवला नाही. त्यांनी कुंडी पाहिली, मूळ पाहिलं, टेंपोवाल्यानं फाटकातून त्यांना बहुतेक आधीच सांगितलं असावं. "अगं बाई, हे तर रुजलंय," त्या म्हणाल्या, आणि मग थोडं संकोचून, "काका, तुम्हीच लिहिलंय म्हणून म्हणते हं. अकरा नंबर." आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. चांगलं वाचलं. स्वल्पविरामाला थांबल्या. माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतकं भक्कम लागेल असं मला वाटलं नव्हतं, एक फट नाही, वारा शिरायला नाही. लावलेले नव्हतं. रुजलेले होतं. शिवाय नऊ वर्षं ते रुजू पाहत होतं, आणि त्याचीही सोय मीच करून ठेवली होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "झाड तुमचं."

"पण लिंबं न्यायला येत जा ना काका. लांब कुठं जाताय, दोन गल्ल्या तर पलीकडे. तुमच्याच झाडाची." त्यांनी हात वर करून दोन पिवळी लिंबं तोडली आणि माझ्यापुढं धरली.

मी म्हणालो, "नको. मला लिंबू चालत नाही. पित्त होतं."

रोज सकाळी लिंबूपाणी पिणारा माणूस मी. बायकोनं माझ्याकडं झर्रकन पाहिलं. ती वडिलांना कधी भेटली नव्हती, पण पेरूची गोष्ट तिला माहीत होती, तापात कधीतरी मीच बरळलो होतो म्हणे. माझी नजर आपली आपण खाली गेली, चपलेकडं. अंगठा शाबूत होता.

बायकोनं तांब्या खाली ठेवला. पर्समधून तिनं एक छोटी करवत काढली, घडीची, आणि झाडाशी गेली. पट्टी बांधलेली फांदी डाव्या हातात धरली, पट्टीच्या खाली दोन बोटं सोडून करवत टेकवली, आणि आम्ही दोघं बघत असताना पाच-सहा हातांत फांदी वेगळी केली. ती उन्हापुढं धरली तेव्हा मला कळलं. प्लास्टिकच्या आत मुळं होती. पांढरी, बारीक, तिनं आत भरलेल्या ओल्या शेवाळातून आरपार गेलेली, पिशवीला आतून चिकटलेली. अडीच महिने बायको तिथं, हवेत, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, दुसरं झाड करत बसली होती, आणि मी त्याला फ्रॅक्चर म्हणत होतो.

"अहो सिस्टर!" मालकीणबाई म्हणाल्या. "तोडायचं नाही म्हटलंय ना यात?"

"हे तोडणं नाही," बायको म्हणाली. "हे कलम आहे. गुटी कलम."

"पण फांदी झाडाची, आणि झाड माझं. हो ना काका?" दोघीही माझ्याकडं वळल्या. टेंपोवालाही विडी विझवून आत आला होता. चाळीस वर्षं लोक असेच माझ्याकडं वळले होते आणि मी कागदात असेल तेच सांगितलं होतं. मालकीणबाईंचं बरोबर होतं. फांदी झाडाची. 'तोडण्याचा' हा शब्द मी स्वतः घातला होता, कारण एका भाडेकरूनं चिडून जाताना मोगरा छाटून ठेवला होता. मला एवढंच म्हणायचं होतं की हो, आणि माझं नाव या गावात जसं होतं तसं राहिलं असतं. बायको माझ्याकडं बघत नव्हती. ती पिशवीतल्या मुळांवर ओला रुमाल गुंडाळत होती, दवाखान्यात बँडेज बांधायची तशी, एकेक वेढा दाबून.

मी करार मागून घेतला. चष्मा लावला. अकरावं कलम मनात वाचलं, मग मोठ्यानं, पण पहिल्या तीन शब्दांपाशी थांबलो. "सदर जागेच्या जमिनीत," मी म्हणालो. "जमिनीत लावलेलं, जमिनीत रुजलेलं, जमिनीत रुजू पाहणारं. ही मुळं कुठं रुजतायत?"

"पिशवीत," टेंपोवाला म्हणाला.

"पिशवी आमची. या कलमात कलमाबद्दल काही लिहिलेलं नाही."

"आणि तोडण्याचा हक्क?" मालकीणबाई. बाई तयार होत्या. माझ्याच कागदांवर तयार झाल्या होत्या.

"तोडणं वेगळं, छाटणं वेगळं. छाटल्यानं झाड वाढतं. तुमचाच फायदा." असला युक्तिवाद करणाऱ्या भाडेकरूला मी व्हरांड्यातून हाकलला असता. आवाज मात्र माझा खणखणीत होता. मालकीणबाईंनी फांदीकडं पाहिलं, करवतीकडं पाहिलं, आणि त्यांना हसू आलं. "लिहून देता?" त्या म्हणाल्या. मी तिथंच, कराराच्या पाठीमागं, कुंडीच्या काठावर कागद टेकवून, लिहून दिलं. अक्षर वाईट आलं. काठावरचा चुना कागदाला लागला.

टेबलाखालची फरशी मी काढून मालकीणबाईंना दिली, ती त्यांची होती. टेंपोत पुढं आम्ही तिघं बसलो. कलम बायकोच्या मांडीवर, वरची पानं तिनं अर्धी अर्धी कापून टाकली होती, उन्हात पाणी कमी उडावं म्हणून. टेंपो हलला तेव्हा मी मागं बघितलं नाही, मागच्या काचेत तशाही चौतीस कुंड्या होत्या. तिनं पर्समधून सिरिंज काढून माझ्या हातात दिली. "पाच सीसी घाला. जास्त नको." नव्या जागेला बाल्कनी होती, तिसरा मजला, जमिनीचा प्रश्नच नव्हता.

"कुठं लावणार काका हे?" टेंपोवाल्यानं विचारलं.

"कुंडीत," मी म्हणालो.

"बुडाच्या?" बायकोनं विचारलं.

तिसऱ्या मजल्यावर बूड काढून काय होणार होतं, खाली दुसऱ्याचं छत. हे तिलाही कळत होतं. मी सुई सुतळीच्या कडेनं आत घातली आणि मोजून पाच घातलं. मग ती खिडकीबाहेर बघत असताना आणखी दोन.